विमानाची वेळ बदलली, पण निरोप कोणाला?

 

आजचा विषय आहे विमानाचं तिकीट. काही जणी म्हणतील, आम्हाला स्वारगेटची एसटी वेळेवर मिळाली तरी पुष्कळ झालं, विमानाचं काय घेऊन बसलात? पण आजूबाजूला बघा. कुणाचा मुलगा दुबईला कामाला आहे. कुणाची लेक जर्मनीला आहे आणि तिच्या बाळंतपणाला आई निघाली आहे. कुणाचा मुलगा फौजेत आहे, जम्मूला. महिला मंडळांच्या काशी-अयोध्येच्या, काश्मीरच्या, केरळच्या सहली आता जाताना रेल्वेनं आणि येताना विमानानं अशा निघतात. एखादी गटाचा माल घेऊन दिल्लीकडच्या सरस मेळ्यालाही जाते. म्हणजे विमान आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेलं आहे.

आणि त्या तिकिटाचे पैसे कुठून येतात, हे आपल्याइतकं कुणाला माहीत? भिशीतून, दुधाच्या पैशातून, इंद्रायणी तांदूळ विकून, नाहीतर गटाच्या अंतर्गत कर्जातून. ते पैसे वाया गेले तर हप्ता मात्र चुकत नाही.

या तिकिटाबद्दल एक गोष्ट आपल्याला सहसा कुणी सांगत नाही. तिकीट काढल्यानंतरही विमानाची वेळ बदलू शकते. कधी दहा मिनिटांनी, कधी सहा तासांनी, कधी दिवसच बदलतो आणि कधी ते विमानच रद्द होतं. आपल्या पिशवीतल्या कागदावर मात्र जुनीच वेळ असते. कंपनी बदलाचा निरोप पाठवते, पण तो जातो तिकिटावर ज्याचा मोबाईल नंबर घातलेला असतो त्याला. तो नंबर कुणाचा आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. आजचं माझं बोलणं मुख्यतः याच एका गोष्टीसाठी आहे.

वेळ बदलते कशी?

आधी हे समजून घेऊ, म्हणजे उगाच घाबरायला होणार नाही. विमान कंपनीला वाटेल तेव्हा विमान उडवता येत नाही. उडायची आणि उतरायची वेळ दोन्हीकडच्या विमानतळांवर मिळावी लागते आणि वेळापत्रकाला सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची, मंजुरी लागते. हे वेळापत्रक वर्षातून दोनदा नवं होतं. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं आणि हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. पण कंपन्या तिकिटं कितीतरी महिने आधी विकायला काढतात. म्हणजे स्वस्त मिळतंय म्हणून तुम्ही मे महिन्यात डिसेंबरचं तिकीट काढलंत, तर त्या डिसेंबरचं वेळापत्रक अजून पक्कं व्हायचं असू शकतं. ते पक्कं झालं की तुमची वेळ हलू शकते. जितकं आधी तिकीट, तितकं लक्ष जास्त दिवस ठेवायचं.

दुसरं कारण विमानतळाचं. आपला जवळचा विमानतळ पुण्याचा, लोहगावचा. तो मुळात हवाई दलाचा तळ आहे. तिथल्या धावपट्टीच्या कामासाठी २६ ऑक्टोबर २०२० पासून रात्री आठ ते सकाळी आठ या वेळातली उड्डाणं बंद केली होती. पुढं १६ ऑक्टोबर २०२१ पासून तर चौदा दिवस प्रवासी विमानं पूर्ण बंद होती. त्या वर्षी १५ ऑक्टोबरला दसरा होता. म्हणजे दसरा करून दुसऱ्या दिवशी निघू असं ठरवून ज्यांनी आधीच तिकिटं काढली होती, त्यांना तारीख तरी बदलावी लागली, नाहीतर मुंबई गाठावी लागली.

तिसरं कारण देशावरच्या संकटाचं. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान तणावाच्या वेळी उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ काही दिवस बंद ठेवले होते. श्रीनगर, जम्मू, अमृतसर त्यात होते. १२ मेला ते पुन्हा उघडले. दिल्लीकडं डिसेंबर-जानेवारीत दाट धुकं पडतं, त्यानंही विमानं खोळंबतात.

आणि चौथं कारण कंपनीच्या स्वतःच्या नियोजनाचं. डिसेंबर २०२५ मध्ये काय झालं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. वैमानिकांना पुरेशी विश्रांती मिळावी म्हणून नवे नियम आले होते. त्यांचा दुसरा टप्पा १ नोव्हेंबरपासून लागू झाला. इंडिगो या देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीकडं त्या नियमांप्रमाणे पुरेसे वैमानिक उभे राहिले नाहीत आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिची हजारो उड्डाणं रद्द झाली. ५ डिसेंबरला तर एकाच दिवशी हजाराहून जास्त. पुण्याच्या विमानतळावरही माणसं बॅगांवर डोकं टेकून बसली होती. इतर कंपन्यांची तिकिटं इतकी महागली की सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली. हजार ते दीड हजार किलोमीटरच्या प्रवासाला जास्तीत जास्त १५,००० रुपये, अशी ती मर्यादा होती. पुणे-दिल्ली त्याच टप्प्यात येतं. अडकलेले परतावे ७ डिसेंबरच्या रात्री आठपर्यंत द्या, असा आदेशही सरकारनं कंपनीला दिला.

हे सगळं सांगितलं ते विमानाची भीती घालायला नाही. रोज लाखो माणसं विमानानं सुखरूप जातात-येतात. पण बदल होणं ही नेहमीची बाब आहे, हे मनात पक्कं असलं की आपण आधीपासून तयारीत राहतो.

तिकिटावर नंबर कुणाचा?

आपल्याकडं तिकीट कोण काढतं? बहुतेक वेळा भोरमधला किंवा पुण्यातला एजंट, सहलवाले, नाहीतर शहरातला भाचा. तिकीट काढताना संगणक मोबाईल नंबर आणि ईमेल मागतो. एजंट घाईत स्वतःचा नंबर टाकतो. त्याच्या मोबाईलवर रोज पन्नास तिकिटांचे मेसेज येतात. त्यात तुमचा एक आला, तो त्यानं पाहिला तर पाहिला. भाच्यानं काढलं असेल तर मेसेज भाच्याला जातो आणि तो त्याच्या कामाच्या गडबडीत असतो.

आता यातली कायद्याची बाजू ऐका. विमान रद्द झालं आणि वेळेत कळवलं नाही तर प्रवाशाला भरपाई मिळते, असा डीजीसीएचा नियम आहे. पण त्याच नियमात पुढं असंही लिहिलं आहे की तिकीट काढताना ज्या प्रवाशानं संपर्काची पुरेशी माहिती दिली नाही, त्याला भरपाई द्यायला कंपनी बांधील नाही. म्हणजे नंबर चुकला की निरोपही गेला आणि हक्कही गेला.

म्हणून तिकीट काढताना समोर बसून सांगायचं, "दादा, नंबर माझा घाला." आपल्याकडं बटणाचा साधा फोन असला तरी चालतो, एसएमएस त्यावरही येतो. ईमेल मुलीचा किंवा सुनेचा द्या, जी रोज मोबाईल बघते तिचा. वेल्ह्याच्या आतल्या वाड्यावस्त्यांवर रेंजचा प्रश्न असतो हे मला माहीत आहे. तिथल्या बाईनं आपल्या नंबरबरोबर रेंजमध्ये राहणाऱ्या घरातल्या माणसाचा नंबरही द्यावा. तिकीट आधीच काढून झालं असेल आणि त्यावर एजंटचा नंबर असेल, तरी कंपनीला फोन करून किंवा तिच्या वेबसाईटवरून आपला नंबर घालून घेता येतो का, ते लगेच विचारायचं.

सहलीच्या तिकिटांचं थोडं वेगळं असतं. वीस-पंचवीस बायकांचं एकत्र तिकीट सहलवाल्याच्या नावावर निघतं. तिथं पैसे भरतानाच त्याच्याकडून दोन गोष्टी लिहून घ्या. एक, विमानाचा पीएनआर. दुसरी, वेळ बदलली किंवा विमान रद्द झालं तर तो काय करणार आणि पैसे किती दिवसांत परत देणार. पावतीशिवाय पैसे देऊ नका. गटाचं कर्ज देताना आपण सही घेतोच ना? तसंच हे.

पीएनआर म्हणजे काय आणि तो कधी बघायचा?

रेल्वेचा पीएनआर दहा आकडी असतो. विमानाचा सहसा सहा अक्षरांचा असतो, त्यात इंग्रजी अक्षरं आणि आकडे मिसळलेले असतात. कंपनीच्या वेबसाईटवर किंवा ॲपवर हा पीएनआर आणि आडनाव टाकलं की आत्ताची खरी वेळ दिसते. कुणाच्या निरोपाची वाट बघावी लागत नाही. आपल्या गटातल्या बारावी झालेल्या मुलीला हे दोन मिनिटांत जमतं.

कधी बघायचं? तिकीट काढल्याच्या दिवशी एकदा. तेव्हाच नावाचं स्पेलिंग आधार कार्डाप्रमाणे, परदेशाचं असेल तर पासपोर्टप्रमाणे आहे ना, तेही बघा. त्यानंतर दर महिन्याला एकदा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी वेळापत्रक बदलतं तेव्हा एकदा. प्रवासाच्या आठवडाभर आधी, दोन दिवस आधी आणि घरातून निघायच्या आधी एकदा. महिन्याच्या बैठकीत हप्ते लिहितो तेव्हा हेही उरकता येईल.

एक सावधगिरी. कंपनीचा फोन नंबर गुगलवर शोधून पहिला दिसेल तो लावू नका. भामटे विमान कंपनीच्या नावानं खोटे नंबर टाकून ठेवतात. "तुमचं विमान रद्द झालं, परतावा देतो, ओटीपी सांगा" किंवा "हे ॲप मोबाईलमध्ये घ्या" असं कुणी म्हणालं की फोन ठेवून द्यायचा. परतावा घ्यायला ओटीपी किंवा यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. नंबर तिकिटावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या वेबसाईटवरून घ्या. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा.

बदलाचा मेसेज आला, आता काय?

मेसेज आला की खाली "मान्य आहे" असं बटण असतं. ते लगेच दाबायचं नाही. एकदा मान्य केलं की नंतर दुसरं विमान किंवा पैसे मागणं अवघड होतं. आधी चार गोष्टी शांतपणे वाचा.

पहिली तारीख. इथं आपली मोठी फसगत होते. विमानाची वेळ चोवीस तासांच्या घड्याळात असते. समजा नवी वेळ आली १५ तारीख, ००:३०. आपण म्हणतो पंधराला रात्री निघू. पण ते विमान १४ तारखेच्या मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासानं उडतं. म्हणजे १४ तारखेला संध्याकाळी तुम्ही विमानतळावर असायला हव्यात. पंधराला रात्री गेलात तर विमान जाऊन जवळजवळ चोवीस तास झालेले असतात.

दुसरी वेळ अलीकडं आली की पलीकडं गेली, ती. उशीर झाला तर आपण बसून राहतो, फार तर खोळंबतो. पण विमान अलीकडं आलं आणि आपल्याला कळलं नाही तर ते निघून जातं आणि कंपनी म्हणते, प्रवासी आलाच नाही. म्हणून अलीकडं आलेली वेळ जास्त धोक्याची.

तिसरी जागा. मुंबईहून विमान असेल तर नीट बघा. आता मुंबईला दोन विमानतळ आहेत. नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे. तो पनवेलजवळ आहे, म्हणजे आपल्या बाजूनं जाताना अलीकडं लागतो. जुना मुंबईचा पुढं, आणि त्याचीही दोन टर्मिनल वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. चुकीच्या ठिकाणी उतरलात तर मुंबईच्या गर्दीत दुसरीकडं पोचेपर्यंत विमान जायचं. जीप ठरवलेल्या ड्रायव्हरलाही विमानतळाचं नाव आणि टर्मिनलचा आकडा सांगून ठेवा.

चौथी गोष्ट पुढचं विमान. पुण्याहून दिल्ली आणि दिल्लीहून जर्मनी असा प्रवास असेल आणि पहिलं विमान तीन तास उशिरा गेलं तर दुसरं मिळेल का? दोन्ही प्रवास एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असतील तर पुढचं विमान चुकल्यावर सोय करणं कंपनीचं काम असतं. पण पैसे वाचवायला एजंटनं दोन कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं काढून दिली असतील, तर दुसरी कंपनी हात वर करते. परदेशात बाळंतपणाला निघालेल्या आईसाठी थोडे पैसे जास्त गेले तरी तिकीट एकच घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

वयस्कर बाईसाठी चाकाची खुर्ची सांगितली असेल, तर नव्या विमानावरही ती नोंद आहे का ते विचारा. दोघी मायलेकींना शेजारी जागा दिली होती ती तशीच आहे का, तेही बघा. विमान बदलताना या नोंदी गळू शकतात.

आपला हक्क काय?

नियम असा आहे की कंपनीनं विमान रद्द केलं तर तिनं प्रवाशाला दुसरं विमान द्यायचं किंवा पैसे परत करायचे, आणि ते प्रवाशाला मान्य हवं. म्हणजे निवड आपली. कंपनीनं परस्पर दुसऱ्या दिवशीच्या विमानात घातलं आणि तुम्हाला ते सोयीचं नसेल, तर "मला हे नको, त्याच दिवशीचं दुसरं द्या, नाहीतर पैसे परत द्या," असं म्हणता येतं. यासाठी वेगळी फी मागितली तर देऊ नका. बदल तुम्ही केलेला नाही.

प्रवासाच्या चोवीस तास आधीपर्यंत कंपनीनं कळवलं असेल तर एवढंच मिळतं, दुसरं विमान किंवा परतावा. त्याहून उशिरा कळवलं किंवा कळवलंच नाही, तर एक तर तुम्हाला मान्य होईल असं दुसरं विमान, नाहीतर पूर्ण परतावा आणि त्यावर भरपाई. एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि दोन तासांहून मोठ्या उड्डाणाला १०,००० रुपये. मात्र तुमचं एकेरी मूळ भाडं आणि इंधनाचा आकार मिळून याहून कमी होत असेल, तर तेवढीच भरपाई मिळते. वादळ, पूर, दंगल, सरकारी आदेश, सुरक्षेचं कारण, अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या गोष्टींमुळं विमान रद्द झालं तर भरपाई नाही. पण अशा वेळीही तिकिटाचे पैसे कंपनीला ठेवून घेता येत नाहीत.

उशिराचेही नियम आहेत. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचं विमान दोन तास किंवा जास्त खोळंबलं, तर वेळेवर चेक-इन केलेल्या प्रवाशाला कंपनीनं खाणं-पिणं द्यायचं असतं. पुणे-दिल्ली त्यातच धरा. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, यातलं हवं ते मागता येतं. चोवीस तासांहून जास्त उशीर झाला, किंवा रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यानचं विमान सहा तासांहून जास्त खोळंबलं, तर राहायची सोयही कंपनीनं करायची. आपण लाजून विमानतळावर घरची चटणी-भाकरी खात बसतो. ती जरूर खा, पण काउंटरवर जाऊन विचाराही.

दहा-वीस मिनिटांच्या बदलाला यातलं काही मिळत नाही, हेही सांगून ठेवते.

पैसे परत कसे येतात?

कार्डानं थेट कंपनीकडून तिकीट काढलं असेल तर सात दिवसांत पैसे त्याच कार्डावर परत यायला हवेत. एजंटकडून काढलं असेल तर पैसे आधी त्याच्याकडं जातात. एजंट म्हणतो, "अजून कंपनीकडून आले नाहीत." तेव्हा त्याला सांगा की एजंट हा कंपनीचाच प्रतिनिधी धरला जातो आणि परताव्याची जबाबदारी कंपनीची आहे, असं नियमच सांगतो. मग त्याच पीएनआरवर कंपनीकडं लेखी विचारणा करा.

कधी कंपनी म्हणते, पैसे आमच्याकडं जमा ठेवतो, पुढच्या प्रवासाला वापरा. त्याला क्रेडिट शेल म्हणतात. वर्षातून चार वेळा विमानानं जाणाऱ्याला ते ठीक आहे. पण आपण आयुष्यात एकदा-दोनदा जाणाऱ्या बायका. पैसे असे अडकवून ठेवणं आपल्याला परवडत नाही. ते घ्यायचं की रोख परतावा, हे प्रवाशानं ठरवायचं असतं, कंपनीनं लादायचं नसतं. करोनाच्या टाळेबंदीत विमानं बंद झाली तेव्हा हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि १ ऑक्टोबर २०२० ला परताव्याबद्दल निकाल आला होता.

कंपनीच बंद पडली तर मात्र कठीण होतं. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेजची विमानं थांबली. मे २०२३ च्या सुरुवातीला गो फर्स्टची थांबली. त्यानंतर प्रवाशांचे पैसे दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकले. म्हणून एखादी कंपनी अडचणीत असल्याच्या बातम्या येत असतील, तर तिचं सहा महिने पुढचं स्वस्त तिकीट काढताना विचार करा.

भोर-वेल्ह्याहून निघताना

शहरातल्या माणसाला विमान दोन तास उशिरा असल्याचं कळलं तर तो घरी चहा पितो. आपण तोवर कापूरहोळ ओलांडलेलं असतं. वेल्ह्याहून मार्गासनी, विंझर, नसरापूर करत हायवेला लागायचं, मग खेड शिवापूरचा टोलनाका, कात्रजची गर्दी आणि शहर पार करून लोहगाव. देशातल्या विमानाचा चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. परदेशासाठी तीन तास आधी पोचायला सांगतात. पावसाळ्यात रस्त्याचा भरवसा नसतो, पहाटे एसटी नसते. म्हणून सकाळचं विमान असेल तर आदल्या रात्री पुण्यातल्या नातेवाइकांकडं मुक्काम केलेला बरा. आणि जीपवाल्याला पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका. विमानाची वेळ हलली तर जीपचे पैसे विमान कंपनी देत नाही.

तक्रार कुठं करायची?

आधी कंपनीकडं, ईमेलनं किंवा तिच्या वेबसाईटवर. तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. दाद मिळाली नाही तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा या ॲपवर किंवा पोर्टलवर तक्रार टाकता येते. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा नंबर आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं. त्यानंतरही झालं नाही तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, मग कंपनीचं ऑफिस दिल्लीला का असेना.

पण यातल्या प्रत्येक ठिकाणी पुरावा मागतात. म्हणून तिकीट, बदलाचा मेसेज, बोर्डिंग पास, एजंटची पावती आणि खर्चाच्या चिठ्ठ्या जपून ठेवा. मेसेज पुसू नका, त्याचा फोटो काढून घरातल्या दुसऱ्या मोबाईलवर पाठवून ठेवा. विमानतळावर रद्द झाल्याचं तोंडी सांगितलं तर म्हणा, "ताई, हे लिहून द्या."

आता या महिन्याच्या बैठकीत एवढंच करा. आपल्या गटात किंवा घरात पुढच्या सहा महिन्यांत कोण विमानानं जाणार आहे ते विचारा. तिचा पीएनआर, विमानाची तारीख आणि वेळ, कंपनीचं नाव आणि एजंटचा नंबर गटाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहा. आणि तिला तिकीट काढायला लावून सगळ्यांसमोर बघा, त्यावर नंबर कुणाचा आहे. एजंटचा असेल तर तिथूनच त्याला फोन लावा.

लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई विमानतळाच्या दारात उभी राहून "विमान तर सकाळीच गेलं" हे ऐकते, तेव्हा तिचे पैसे जातात ते जातातच, पण तिकडं लेक एकटी पडते. ते टाळायला एक फोन पुरतो.

तुमच्या गावात कुणाला असा अनुभव आला असेल, परतावा अडकला असेल, तर पुढच्या बैठकीला कागद घेऊन या. आपण सगळ्या मिळून तक्रार लिहू.